खिशातली गाणारी पेटी आणि तिचा रंग

विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. संतवाङ्मय, अर्थकारण, शेतीचे प्रश्न, हिमालयातील भ्रमंती अशा व्याख्यानांच्या पंक्तीला जुना वॉकमन आणून बसवणे म्हणजे थोडा धारिष्ट्याचाच प्रकार आहे. त्यातून त्याच्या रंगांबद्दल बोलायचे, म्हणजे मूळ पोरखेळ आणि त्यावर आणखी पोरखेळ! पण अंबरनाथकरांना एक आठवण द्यावीशी वाटते. त्यांच्या गावात विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना होता. त्या काड्यापेट्यांवरचे छाप जमवणाऱ्या मुलांना घरोघरी बोलणी खावी लागत. आज तेच छाप भारतातील रंगीत छपाईचा आणि जाहिरातीचा इतिहास लिहिणारे लोक शोधत फिरतात. संग्रहाची किंमत पुष्कळदा संग्रह करणाऱ्याच्या लक्षात आधी येते आणि शेजाऱ्यांच्या लक्षात पुढच्या पिढीत येते.

वॉकमन जमवणारे लोक आता जगभर आहेत, आणि आपल्या कल्याण-कर्जत पट्ट्यातही थोडे आहेत. त्यांच्या बोलण्यात रंगाला फार मान असतो. ‘निळा मिळाला’, ‘पिवळा हुकला’ असे ते बोलतात. यंत्राचा क्रमांक मागून सांगतात. बाहेरच्याला हे शोकेसमधल्या बाहुल्या मांडण्यासारखे वाटते. आमचे म्हणणे असे, की या पेटीवर तिचा इतिहास फार थोडा लिहिलेला असतो, आणि जो असतो तो बहुतांशी रंगात असतो. तो वाचता आला पाहिजे. हे समजण्यासाठी आधी पेटीच्या आत काय चालते ते थोडक्यात पाहू.

कॅसेट ही फिलिप्स कंपनीची निर्मिती. १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. तिच्यातली फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे नव्वद मीटर फीत असते. नव्वद मिनिटांचीत त्याच्या दीडपट, म्हणून तिथली फीत पातळ आणि गुंता होण्याला अधिक तयार. फितीवर चुंबकीय कणांचा थर असतो. आवाजाच्या चढउताराप्रमाणे ते कण कमीअधिक चुंबकित झालेले असतात, आणि फीत ‘हेड’वरून सरकली की त्या कणांची कहाणी पुन्हा विजेच्या रूपाने बाहेर येते.

ही फीत ओढण्याचे काम पोलादाची एक बारीक दांडी करते. कारागीर तिला कॅप्स्टन म्हणतात. एक रबरी चाक फितीला या दांडीवर दाबून धरते आणि दांडी फिरली की फीत पुढे जाते. दांडीला फिरवते मोटर, आणि बहुतेक यंत्रांत मोटर व दांडी यांच्यामध्ये असतो एक रबरी पट्टा, म्हणजे बेल्ट. आवाजाची सगळी शुद्धता या सुतासारख्या बेल्टवर अवलंबून असते. तो किंचित सैल झाला की भीमसेनांची तानसुद्धा झोपेतून उठल्यासारखी येते. पुढे आपल्याला या बेल्टकडे परत यायचे आहे.

आता वॉकमन. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानात ‘टीपीएस-एल २’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. वार्ताहरांसाठी बनवलेल्या छोट्या ध्वनिमुद्रकावरून ते बेतलेले होते. कंपनीचे संस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकायचे होते, आणि दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना त्यातला धंदा दिसला. मुद्रणाची सोय काढून टाकली, ध्वनिवर्धक काढून टाकला, त्याऐवजी स्टिरिओ आवाज आणि हलके हेडफोन दिले. जे यंत्र मुद्रण करत नाही ते कोण घेणार, अशी शंका तेव्हा पुष्कळांना होती. पहिल्या महिन्यात जेमतेम तीन हजार नग खपले. पण ऑगस्ट संपता संपता पहिली तीस हजारांची खेप संपली. किंमत होती ३३,००० येन.

या पहिल्या यंत्राचा रंग निळा आणि चंदेरी. त्यावर एक नारिंगी बटण आहे आणि हेडफोन लावण्याच्या जागा दोन आहेत. एकट्याने गाणे ऐकणे असभ्य दिसेल अशी चिंता होती, म्हणून दोघांची सोय केली. आणि नारिंगी बटण दाबले की गाणे हळू होऊन एका छोट्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येई. अगदी सुरुवातीच्या नगांवर त्या दोन जागांशी ‘गाइज’ आणि ‘डॉल्स’ अशी अक्षरे आहेत. नंतरच्या नगांवर नुसते ‘ए’ आणि ‘बी’. संग्राहक भिंग घेऊन आधी हीच अक्षरे पाहतो. लोकांना दोघांनी ऐकण्याची हौस नाही हे कंपनीला लवकरच कळले, आणि नारिंगी बटण पुढे गेले ते गेलेच. बदलापूर ते मुंबई हा ६८ किलोमीटरचा प्रवास रोज करणाऱ्यांना हे सांगायला नको. एकाच डब्यात एका बाजूला टाळ कुटणारे भजनी मंडळ आणि दुसऱ्या बाजूला कानांत बोंडे घालून डोळे मिटलेला तरुण, असे दृश्य त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

१९८१ साली आलेला ‘डब्ल्यूएम-२’ आकाराने लहान, आणि तो काळा, चंदेरी व लाल मिळू लागला. म्हणजे दोन वर्षांत यंत्राचे ‘वस्तू’ हे रूप जाऊन ‘पोशाख’ हे रूप आले, असे आम्ही म्हणू. निळा रंग कंपनीने ठरवला होता. लाल रंग गिऱ्हाइकाने निवडला. १९८३ साली कॅसेटच्या डबीएवढा वॉकमन निघाला. तो कॅसेट घालताना ओढून मोठा करावा लागे. त्याच वर्षी ‘स्पोर्ट्स’ नावाचा भडक पिवळा, पाण्याचे शिंतोडे सोसणारा वॉकमन आला. हा पिवळा रंग इतका लोकप्रिय झाला की इतर कंपन्यांनीही आपापली पिवळी यंत्रे काढली, आणि ‘पिवळा म्हणजे पाणी सोसणारा’ असा एक समजच रूढ झाला. लहान मुलांसाठी लालभडक अंगाचा वेगळा वॉकमन निघाला. आयवा, पॅनासोनिक, तोशिबा, सान्यो सगळेच या शर्यतीत होते. एकट्या सोनीने सुमारे वीस कोटी कॅसेट-वॉकमन विकले आणि २०१० साली जपानातील त्यांची विक्री थांबवली. ‘वॉकमन’ हे सोनीचे व्यापारी नाव. पण आपण कोणत्याही कंपनीच्या पेटीला वॉकमनच म्हणत आलो, आणि २००२ साली ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो सामान्य शब्द झाल्याचे मान्य केले.

इथपर्यंतची हकीकत जगाची झाली. आपल्या भागात ही पेटी ज्या वाटांनी आली त्या समजायच्या तर उल्हासनगरकडे वळले पाहिजे.

फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथला पत्ता कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. हाती भांडवल नाही, जमीन नाही. तेव्हा या लोकांनी बराकीच्या खोलीतच कारखाना काढला. दुसरीकडे सिंधी व्यापाऱ्यांच्या पेढ्या फाळणीच्या पुष्कळ आधीपासून हाँगकाँग, सिंगापूर आणि जपानातील कोबे इथवर पसरलेल्या होत्या. त्यामुळे परदेशी माल हा शब्द या समाजाला परका नव्हता. (गावातला ‘जपानी बाजार’ मात्र कापडाचा. तिथे वॉकमन शोधायला जाणाऱ्याच्या हाती साडी येईल.)

१९९१च्या आधी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणजे जबर जकात. आखाती देशांत नोकरीला गेलेला मुलगा सुट्टीवर येताना टू-इन-वन किंवा वॉकमन आणी, तो कौतुकाने पाहायला आळी लोटे. ज्यांच्या घरचे कोणी आखातात नव्हते त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी नकली वॉकमन होता. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ ही कोटी आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि उल्हासनगरकरांनी ती स्वतःच अधिक मिश्कीलपणे सांगितली आहे. नामांकित कंपनीच्या नावातले एखादे अक्षर बदललेले, ठसा तोच, रंग शक्य तितका जवळचा, किंमत मात्र किती तरी कमी अशा पेट्या साऱ्या देशभर रस्त्यावरच्या हातगाड्यांवर विकल्या जात. त्यांतल्या किती इथे जुळवलेल्या आणि किती बाहेरून आलेल्या, हे पेटी सांगत नाही; तिच्यावर जे लिहिलेले असते ते तर मुद्दामच विश्वास ठेवू नये असे असते.

अस्सल आणि नकली ओळखायचे कसे? वजन ही पहिली खूण. पहिला वॉकमन धातूच्या अंगाचा, चारशे ग्रॅमच्या आतबाहेर भरतो. दुसरी खूण बटणांची. स्वस्त पेट्यांत फीत मागे नेण्याचे बटणच नसे. कॅसेट उलटी घालायची आणि पुढे पळवायची! ज्यांचे तारुण्य अशा पेटीबरोबर गेले त्यांना या युक्तीचे काही वाटत नाही, आणि पेन्सिलीने कॅसेट गुंडाळण्याचे तर मुळीच नाही.

तिसरी खूण रंगाची, आणि तिथे थोडे थांबले पाहिजे. पेटीला रंग तीन प्रकारे देतात. पहिला प्रकार प्लॅस्टिकच्या दाण्यातच रंग मिसळून साच्यात ओतण्याचा. इथे रंग आरपार असतो, चरा पडला तरी खालून तोच रंग दिसतो. दुसरा वरून फवारा मारण्याचा. इथे कोपरे झिजून खालचा करडा किंवा पांढरा डोकावतो. तिसरा अ‍ॅल्युमिनियमचा. धातू आम्लात ठेवून त्यातून वीज सोडली की पृष्ठभागावर ऑक्साइडचा सच्छिद्र थर येतो. त्या छिद्रांत रंग शोषवून गरम पाण्याने ती मिटवतात. हा रंग धातूत मुरल्यासारखा दिसतो आणि खरवडून निघत नाही. आता नकली पेटी हातात घ्या. मूळ यंत्र धातूचे असेल तर नकलेत चंदेरी फवारा दिसेल. अंगठा जिथे टेकतो तिथे तो आधी उडतो. रंगाचे शास्त्र आपल्या भागाला नवे नाही. जीन्स धुणाऱ्या-रंगवणाऱ्या कारखान्यांनी वालधुनीच्या पाण्याला जे रंग दिले ते रुळांवरून जाता-येता पुष्कळांनी पाहिले आहेत. मात्र त्या रंगांचा संग्रह कोणी करू नये.

बहुतेक संग्राहक नकली पेटी ओळखतात ती टाकून देण्यासाठी. इथे आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. अस्सल निळा वॉकमन जगातील मोठ्या संग्रहालयांत जपलेला आहे. त्याची माहितीपत्रके, आराखडे, जाहिराती सगळे सुरक्षित आहे. २०१४ साली एका अमेरिकन चित्रपटाच्या नायकाच्या कमरेला तो दिसला आणि त्याचे भाव आणखी चढले. त्याला आपल्या दयेची गरज नाही. पण एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीत जुळवलेल्या, नाव बिघडवलेल्या लाल पेटीचे काय? तिचे माहितीपत्रक छापलेच नाही. बिल फाडले नाही. कोणी कबूल केले नाही की ही आम्ही केली. तिच्यामागे राहिलेला पुरावा एवढाच, की ती पेटी. या देशातल्या पुष्कळ लोकांनी खिशातले पहिले गाणे ऐकले ते अशाच पेटीवर, आणि भंगारवाला तिला वजनावर घेतो. अस्सल म्हणून ती विकणे ही लबाडी. पण नकली म्हणून चिठ्ठी लावून ती अस्सलाच्या शेजारी ठेवणे यात कमीपणा कसला?

याच कारणाने जुन्या पेटीला नवा रंग मारून ‘कारखान्यातून आल्यासारखी’ करण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. पांढरे-करडे प्लॅस्टिक ऊन आणि हवा लागून पिवळे पडते. काही लोक त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. रंग उजळतो खरा, पण पिवळेपणा पुष्कळदा परत येतो, आणि लावणी एकसारखी झाली नाही तर ढग उमटतात. लाल रंग खिडकीच्या उजेडात विटतो. काही यंत्रांवर मऊ रबरासारखा लेप दिलेला असे. तो काही वर्षांनी चिकट होतो आणि बोटाला गुळासारखा लागतो. तेवढा लेप स्पिरिटने पुसून काढण्यावाचून इलाज नाही. बाकी झीज असू द्यावी. बटणाजवळचा उडालेला रंग सांगतो की मालक उजव्या हाताने यंत्र चालवी. एका बाजूचे ओरखडे सांगतात की ते पट्ट्याला अडकवले जाई. ही माहिती रंगाच्या नव्या फवाऱ्याखाली एका मिनिटात बुजते.

पेटीचे बाहेरचे रूप टिकवून भागत नाही, ती वाजलीही पाहिजे. आणि वाजण्याचा सर्वांत मोठा शत्रू आपल्याकडे भरपूर आहे, तो म्हणजे दमट हवा. उल्हास नदीकाठची पावसाळी हवा कशी असते हे बदलापूरकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५चा पूर आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस कोणी विसरलेले नाही. पण संग्रहाला पुराची वाट पाहावी लागत नाही. बेल्टचे रबर ओलाव्याने आणि काळाने विरघळून डांबरासारखे होते, चाकांवर पसरते. ते कापसाने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपूर्ण पुसूनच नवा बेल्ट घालावा. पेन्सिल सेल आत विसरले तर फुटून पत्रे खातात. अल्कलाइन सेलचा पांढरा क्षार व्हिनेगरच्या थेंबाने निघतो, मग जागा कोरडी करावी. १९८५च्या सुमारास आलेल्या पातळ यंत्रांना च्युइंगमच्या पट्टीसारखा चपटा सेल लागे. तो आज दुकानात सहज मिळत नाही, म्हणून असे यंत्र घेताना बाहेरून दोन साधे सेल जोडण्याची डबी सोबत आहे का ते आधी पाहावे. काही उत्तम यंत्रांत बेल्टऐवजी दातेरी चाके आहेत, तर त्यातले मधले चाक तडकते आणि यंत्र टिकटिकू लागते. यंत्रे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत, सेल काढून. आणि महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक यंत्र दहा मिनिटे चालवावे. न वापरलेला वॉकमन वापरलेल्यापेक्षा लवकर मरतो.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर आपापल्या घरच्या माळ्यावर आहे. तिथे बुटांच्या खोक्यात कॅसेटी पडलेल्या असतात. त्यांतल्या बाजारात विकत मिळालेल्यांची आम्हाला फारशी काळजी नाही, पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांचे कथाकथन किंवा प्रल्हाद शिंदे यांची गाणी कोठे ना कोठे नव्या रूपात मिळतील. पण ज्या कॅसेटवर घरातल्या कोणी तरी शाईने नाव लिहिले आहे, ती दुसरी कोठेच नाही. आखातातून पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट. भीमजयंतीला वस्तीतल्या गायन पार्टीने रात्री गायलेली गाणी. बारशाच्या ओव्या. सिंधहून आलेल्या आजीने लग्नात म्हटलेले ‘लाडा’, ज्यांतले शब्द आता तिच्या नातवंडांनाही पुरते कळत नाहीत. हे आवाज कोणत्याही कंपनीच्या यादीत नाहीत. फितीवर बुरशीचा पांढरा थर चढतो आहे, आणि त्या वाजवू शकणारी यंत्रे भंगारात जात आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत आहेत, हे आम्हाला विशेष ठासून सांगायचे आहे.

अशी कॅसेट सापडली तर ती लगेच यंत्रात घालू नये. आधी काचेच्या खिडकीतून फीत पाहावी. पांढरट जाळी दिसली तर ती कॅसेट इतरांपासून वेगळी ठेवावी, कारण ती वाजवली तर बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. फीत स्वच्छ असली तर पेन्सिलीने दोन-चार वेढे फिरवून ती मोकळी आहे का पाहावी, मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे न्यावी. हेड पुसलेल्या, बेल्ट नवा घातलेल्या यंत्रावर पहिल्यांदा वाजवतानाच ती संगणकावर उतरवून घ्यावी. ‘आधी ऐकू, मग उतरवू’ असे म्हणू नये, कारण जुनी फीत दुसऱ्या खेपेला तुटू शकते. उतरवताना कोण बोलते आहे, कोणत्या प्रसंगी, कोणत्या सालच्या आसपास, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथेच विचारून लिहून ठेवावे.

आणि वॉकमन हाताशी नसल्याने टू-इन-वनवर वाजवणार असाल, तर त्यात मुद्रणाचे लाल बटण असते हे ध्यानात ठेवा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या चौकोनी जिभा असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर नवे मुद्रण होत नाही आणि जुना आवाज चुकूनही पुसला जात नाही. मोडायला किल्लीचे टोक पुरते.